मनू, सोमवारच्या आधी

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी तू पहिल्यांदा प्रवासी घेऊन को-पायलटच्या उजव्या सीटवर बसणार. अनरिलायबल एअरस्पीडचं, म्हणजे वेगाच्या आकड्यावर भरवसा नसताना काय करायचं ते, सगळं पाठ आहे, असं काल फोनवर म्हणालीस. ऑटोपायलट, ऑटोथ्रस्ट, फ्लाइट डायरेक्टर बंद; दहा हजार फुटांच्या वर असलीस तर नाक ५ अंश आणि थ्रस्ट क्लाइंबला. ते मी सांगायला नको. मला काळजी आहे ती तुझ्या बोलण्याची.

तू दुसरीत असताना कुंभारीण माशीने आपल्या कपाटाच्या कुलपाचं भोक बुजवलं होतं, आठवतं? टाचणीने माती उकरत बसली होतीस. ६ फेब्रुवारी १९९६ ला डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताहून निघालेल्या बोइंग ७५७ चा पिटो, म्हणजे समोरच्या हवेच्या दाबावरून वेग मोजणारी नळी, असाच बुजला होता, बहुधा अशाच माशीने. विमान काही दिवस उभं होतं आणि पिटोवर झाकणं नव्हती. धावपट्टीवरच कॅप्टनच्या लक्षात आलं की आपला वेग दिसत नाही. तिथेच थांबता आलं असतं! वर जाताना नळीत कोंडलेला दाब तसाच राहिला, बाहेरची हवा विरळ होत गेली आणि त्यांच्याकडे खोटा वेग वाढत गेला. ऑटोपायलटही तोच आकडा धरून नाक उचलत राहिला. को-पायलटसमोर खरा, कमी होत चाललेला वेग दिसत होता. १८९ माणसं गेली.

आणि १ जानेवारी १९७८. मी सातवीत, आपण खारदांड्याला. सांताक्रूझहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं ‘एम्परर अशोक’ समुद्रावर वळून सरळ झालं, तरी कॅप्टनचा होरायझन, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणारं उपकरण, उजवीकडे कललेलाच अडकला. रात्र, बाहेर क्षितिज नाही. सरळ करायला म्हणून कॅप्टन विमान डावीकडे कलवत गेले. को-पायलटने आपलंही उपकरण बिघडलं असं सांगितलं, आणि त्याचं उपकरण तर बहुधा बरोबर चाललं होतं! फ्लाइट इंजिनिअर दुसऱ्या उपकरणाकडे लक्ष वेधत होता, तोवर वेळ संपली. २१३ जण. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर उभ्या माणसांचे चेहरे माझ्या डोळ्यांपुढून गेले नाहीत. पुढे इन्स्ट्रुमेंट शॉपमध्ये लागलो तो त्यामुळेच.

तीस वर्षं सुया तपासल्या, मनू. बिघडलेली सुई तोंडावरून ओळखू येत नाही, ती तितक्याच ठामपणे दाखवते. शेजारी वीस वर्षं उडवलेला माणूस असेल, तू नवी. धावपट्टीवर शंभर नॉटच्या कॉलला दोघांच्या वेगात फरक दिसला तर ‘सर, बहुतेक...’ असं पुटपुटू नकोस. आकडे मोठ्याने सांग: माझ्याकडे इतका, तुमच्याकडे इतका, मधल्या स्टँडबाय उपकरणावर इतका. ते रागावले तर रागावू देत.

उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून बघतेस त्या वॉकअराउंडला पिटोच्या तोंडाशी वाकून बघ. हात लावू नकोस, तापलेला असू शकतो. माझा छोटा टॉर्च तुझ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवलाय, सेल नवे घातलेत.

तुझे,
बाबा