26 जानेवारीला नको, नंतरच्या शनिवारी या

नाशिकरोड,
9 जानेवारी

ती. आई-बाबांना शि. सा. न.

फोन झाला तरी पत्र लिहितेय. परवा बाबांना शाळेत येण्याबद्दल विचारलं, तर ते म्हणाले, "हो, रांगडा कांदा काढायला अजून पंधरा दिवस आहेत." आई, तू शेजारी हसत होतीस ते मला ऐकू आलं. लिहिलेलं बाबा दोनदा वाचतात, म्हणून हा खटाटोप.

तर, आमच्या मुख्याध्यापिकाबाईंना बाबांना मुलांसमोर बोलवायचंय. "कारगिलला होते ना तुमचे वडील? काहीतरी थरारक सांगतील." हे वाचून बाबांच्या कपाळाला पडलेली आठी मला इथून दिसतेय. गावातल्या झेंडावंदनाला काय झालं होतं ते मी विसरलेले नाही. माईक हातात देऊन विचारलं, "किती शत्रू मारले?" आणि बाबा म्हणाले, "मी एकही पाहिला नाही. मी दहा-बारा किलोमीटर मागे होतो, गणितं करत." टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. नंतर पारावर चर्चा काय, तर हे बहुतेक फौजेत स्वयंपाकी असावेत. (असते तरी काय बिघडलं असतं? पण ते असो.)

आमच्या मुलांचंही तेच. सातवीला 'मला आवडणारा सैनिक' यावर लिहायला दिलं होतं. जवळजवळ सगळ्यांचा सैनिक शेवटच्या परिच्छेदात शहीद. एकाने त्याला जिवंत घरी आणला, तर शेजारच्याने वहीत डोकावून विचारलं, "मग ह्याने केलं काय?" मला आधी हसू आलं, मग राग आला. मुलांचा नाही, त्यांनी जे पाहिलंय तेच लिहिलं. 1997 चा 'बॉर्डर' सिनेमा घ्या. लोंगेवालाची लढाई, डिसेंबर 1971. त्यात सुनील शेट्टीने केलेलं पात्र शेवटी मरतं. ते ज्यांच्यावर बेतलं, ते सीमा सुरक्षा दलाचे भैरोंसिंह राठोड लढाईतून परत आले, 1972 मध्ये त्यांना सेना पदक मिळालं, 1987 मध्ये ते नाईक म्हणून निवृत्त झाले आणि डिसेंबर 2022 मध्ये जोधपूरला वारले. पडद्यावर हुतात्मा झाल्यावर पंचवीस वर्षं हा माणूस हयात होता! वर्गात सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना.

तोफखान्याचं तर नावच नको. कारगिलमध्ये तोफखान्याने अडीच लाखांवर गोळे, रॉकेट आणि उखळी बॉम्ब डागले. 2022 मध्ये तिथल्याच द्रास भागातल्या पॉइंट 5140 या शिखराला 'गन हिल' नाव मिळालं ते त्याच कामगिरीसाठी. सिनेमात मात्र तोफ म्हणजे जरासा धूर, की लगेच हिरो टेकडीवर. बाबा, तुम्ही टीए (तोफखान्यातले टेक्निकल असिस्टंट) होता म्हणजे काय करत होता, हे मी दहावीत असताना तुम्ही जेवता जेवता वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलने काढून दाखवलं होतं. ओपीवरचे, म्हणजे पुढच्या निरीक्षण चौकीवरचे साहेब वायरलेसवर सांगतात, गोळा डावीकडे पडला, पुढे गेला. खाली कमांड पोस्टात तुम्ही नकाशा, उंची, वारा, तापमान सगळं धरून तोफेला नवा कोन देता. द्रासची हवा विरळ, म्हणजे गोळा मैदानातल्यापेक्षा लांब जाणार, आणि तिकडे शत्रूच्या बंकरखाली आपलीच पोरं चढतायत. "एखादा आकडा चुकला तर?" मी विचारलं होतं. तुम्ही "चुकवायचा नाही" एवढंच म्हणालात आणि भात मागितलात. मला मुलांना हे ऐकवायचंय. आमच्या गणिताच्या सरांनाही जरा बरं वाटेल.

आणि कान. सिनेमात तोफ उडत असते आणि शेजारी उभा नट खुशाल डायलॉग मारत असतो. थिएटरात तुम्ही ओरडलात, "अरे, कान तरी झाक!" तेव्हा पुढची रांग वळून बघायला लागली आणि आईने तुमचा दंड धरला. तुमचा उजवा कान एका धमाक्यात गेला नाही. देवळालीच्या रेंजवर आणि फील्डला, म्हणजे सीमेकडच्या पोस्टिंगला, वर्षानुवर्षं तोफांच्या आसपास राहून थोडा थोडा गेला. त्याला पदक नाही, त्यावर गाणंही नाही. उलट लग्नाकार्यात कुणी उजवीकडून हाक मारली आणि तुम्ही वळला नाहीत, की "मिलिटरीवाल्यांचा ताठा" म्हणून मोकळे. मामींनी तर अबोलाच धरला होता. हेच लोक 15 ऑगस्टला व्हॉट्सअ‍ॅपवर सलाम ठोकतात आणि घरी आले की पाणी प्यायच्या आत कॅन्टीनच्या बाटलीची चौकशी करतात. ईसीएचएसमधून (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून) मिळालेलं कानाचं मशीन तुम्ही रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलंय, ही बातमी मला लागलीय. येताना ते कानात हवं. मुलं मागच्या बाकावरून प्रश्न विचारतात.

मला सिनेमांचा राग आहे असं समजू नका. मीही रडते, आणि तिकीट काढून रडते. पण माझा एक जुना विद्यार्थी भरतीसाठी रोज पहाटे धावतोय. त्याला संवाद सगळे तोंडपाठ. अग्निवीर म्हणजे चार वर्षं आणि त्यातले फार तर पंचवीस टक्के पुढे कायम, हे त्याने ऐकलंय, पण आपण उरलेल्या पंचाहत्तरात असू शकतो हे त्याच्या मनाला शिवलेलंसुद्धा नाही. त्याला बाबांना भेटायचंय. "जाऊ नको" तुम्ही म्हणणार नाही, मला माहीत आहे. रोजचा दिवस कसा जातो तेवढं सांगा. पीटी, तोफेच्या नळीची सफाई, पहाऱ्याची ड्यूटी, रजेचा अर्ज आणि वाट बघणं.

आई, सिनेमातली फौजीची बायको एक तर दारात उभी असते, नाहीतर रडत असते. मला आठवतात त्या आपल्या काळ्या ट्रंका, पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव लिहिलेल्या. बाबा फील्डला, क्वार्टर रिकामं करायची तारीख डोक्यावर, आणि तू टेम्पोवाल्याशी घासाघीस करतेयस, एका हातात माझा शाळेचा दाखला, कडेवर भाऊ. कारगिलच्या त्या उन्हाळ्यात तू 56 एपीओच्या, म्हणजे फौजेच्या टपाल कार्यालयाच्या पत्त्यावर पत्रं टाकायचीस आणि पोस्टमनला चहा पाजायचीस, त्याच्याकडे पत्र असो वा नसो. हे कोणी दाखवलेलं मी तरी पाहिलं नाही.

तर 26 जानेवारीला नको. त्या दिवशी पाहुण्यांची भाषणं असतात आणि मुलं उन्हात पेंगतात. नंतरच्या शनिवारी सकाळची शाळा आहे. शुक्रवारी दुपारचीच एसटी धरा, नाशिकच्या द्वारका चौकात उतरा, मी न्यायला येते. शाळेच्या सूचनाफलकावर बाबांचं एकट्याचंच नाव लिहिलं होतं, त्याखाली मी तुझंही लिहिलंय. "मी काय बोलू" म्हणू नकोस, ट्रंकांचं सांग. आणि शेंगदाण्याची चटणी संपलीय.

तुमची,
मनू