सूचना : न पाहिलेल्या वाटांच्या नोंदी (गुहा सर्वेक्षण गट, इंदूर)

सर्व सभासदांस,

मेघालयच्या मोहिमेआधीची नोंदवह्यांची बैठक येत्या रविवारी सकाळी १० वाजता, रामबागेत नेहमीच्या जागी. पोहे खाऊनच या, मध्ये सुट्टी नाही. आपापली वही आणि स्केच आणा.

गुहेत न पाहता सोडलेल्या वाटेबद्दल 'पुढे जाते' एवढंच लिहिलेलं चालणार नाही. प्रत्येक वाटेला क्रमांक, जवळचं सर्वे स्टेशन (मोजणीसाठी ठरवलेला बिंदू), डावी-उजवी बाजू, अंदाजे रुंदी-उंची आणि आपण का थांबलो (दोर संपला, वेळ झाली, पाणी) हे हवंच. स्केचवर त्याच जागी प्रश्नचिन्ह. नोंद गुहेतच करायची. तंबूत परतल्यावर सगळी भोकं सारखीच वाटतात.

दर्जा :
अ – सरळ चालत जाता येईल, किंवा नुसता दोर हवा
ब – रांगत, अडचणीने
क – फार अरुंद किंवा खोदल्याशिवाय नाही

आपला उत्साह बघून 'अ' देऊ नका.

वारा ही वाट पुढे जात असल्याची खूण, म्हणून त्याची नोंद तारीख-वेळेसह करा. वर-खाली दोन तोंडं असलेल्या गुहेत हिवाळ्यात वारा खालून वर जातो, उन्हाळ्यात उलटतो, आणि बाहेरचं तापमान आतल्याइतकं झालं की थांबतो. तेव्हा 'वारा नाही' म्हणून वाट बाद करू नये.

बघून झालेली वाट खोडू नका. पुढे 'बंद' किंवा 'अमुक स्टेशनला जुळली' असं लिहून तारीख आणि नाव टाका, नाहीतर पुढची तुकडी त्याच चिखलात पुन्हा लोळेल.

ज्यांना येणं जमणार नाही त्यांनी वही शनिवारपर्यंत पोचती करावी.

– सचिव