पिग्मी बंद होती तरी रोज दारात थांबणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

काल तुम्ही शेवटचं येऊन गेलात. "उद्यापासून नवीन पोरगा येईल वहिनी, लाइन त्याच्याकडं दिली, आता गुडघे ऐकत नाहीत," एवढंच बोललात, पाणी प्यालात, गाडी वळवलीत आणि गेलात. मी तांब्या हातात धरून तशीच उभी. इतकं बोलायचं होतं आणि तोंडातून एक शब्द फुटला नाही. घरात आले आणि रडायलाच आलं. आमच्या ह्यांनी विचारलं काय झालं तर त्यांनाही नीट सांगता येईना. म्हणून हे लिहायला बसलेय. सगळ्यांनी वाचावं असं लिहितेय, कारण दारोदार फिरून पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे रोजची थोडी थोडी बचत, गोळा करणाऱ्या तुम्ही काय केलंत ते आपल्या गल्लीतसुद्धा कुणाला माहीत नाही आणि माहीत होऊ नये म्हणूनच तर तुम्ही ते केलंत. पण आता ते दिवस गेले, आता कळलं तर चालेल मला.

आम्ही इचलकरंजीचे. आमचे हे आधी कापडाच्या प्रोसेसमध्ये सुपरवायझर होते, पगार बँकेत यायचा आणि तेव्हाच त्या बँकेच्या माणसानं घरी येऊन क्रेडिट कार्ड दिलं, फुकट आहे फुकट आहे म्हणत. दोन वर्षं ते नुसतं कपाटात पडून होतं. मग 2020 चा लॉकडाऊन आला, प्रोसेस बंद पडली, त्यात सासूबाई बाथरूममध्ये पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशनचे पैसे कार्डावरून गेले. तेव्हा ऑगस्टपर्यंत हप्ते नाही भरले तरी चालतील असं सगळीकडं सांगत होते, आम्ही अडाण्यासारखं धरून चाललो की सरकारनं सूट दिली. हप्ता थांबला होता, व्याज थांबलं नव्हतं. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि सांगायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

नंतर हे लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, जायला लागले, मीटरवर मजुरी, मंदी असली की पाळी कमी. आठवड्याचे आठवड्याला धरून महिन्याला साडेचौदा हजार आणि माझे ब्लाऊज शिवायचे साडेपाच, असे वीस हजार. कार्डावर 78,000 झाले होते. वर माझं मंगळसूत्र एका सावकाराकडं 40,000 ला गहाण ठेवलेलं, शेकडा तीन रुपयांनी, म्हणजे महिन्याला 1,200 नुसतं व्याज, मुद्दल जिथल्या तिथं.

मी गप्प बसले नव्हते काका, हे तुम्हाला माहीत आहे पण बाकीच्यांनाही कळू दे. मी तीन वेळा त्या बँकेत गेले. पहिल्यांदा टोल फ्री नंबर दिला. दुसऱ्यांदा म्हणाले मिनिमम, म्हणजे कमीत कमी रक्कम, भरत राहा, काही होत नाही. तिसऱ्यांदा त्या मॅडमनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विम्याचा फॉर्म पुढं केला. मी त्या दिवशी बसचे पैसे वाचवायला चालत गेले होते. एका शब्दानं सांगितलं असतं की हे कर्ज हप्त्यांत बदलून मिळतं तर आमचं दीड वर्ष वाचलं असतं. नातेवाइकांचं तर काय सांगू. ज्यांच्या लग्नाकार्यात आम्ही आठ आठ दिवस राबलो त्यांनी सगळ्यांसमोर ह्यांना ऐकवलं, अंथरूण पाहून पाय पसरावेत. प्रत्येकाच्या तोंडात तेच अंथरूण. ते केवढं आहे हे मात्र एकानंही विचारलं नाही.

ते पहिल्यांदा तुम्ही मोजलंत.

डिसेंबर 2022 होता. मी रोजचे 50 रुपये तुमच्या हातात दिले आणि त्या दिवशी सगळी दहाचीच नाणी होती, मुलीच्या डब्यातली. तुम्ही मोजली नाहीत, माझ्याकडं बघितलंत आणि मशीन पिशवीत ठेवलंत. "वही आहे का एखादी?" मुलीची जुनी दोनशे पानी आणली. उंबऱ्यावर बसून तुम्ही लिहीत गेलात, भाडं 3,000, किराणा भाजी 5,000, दूध 1,200, गॅस 1,100, लाइट 700, शाळा आणि येणंजाणं 1,000, दोघांचे मोबाईल 500, आईंची औषधं 600. कुठंच म्हणाला नाहीत की हे कशाला लागतं. दुधाला कात्री लावू का म्हणून मीच विचारलं तर म्हणालात, "पोर वाढीची आहे, दुधाला हात लावायचा नाही." बेरीज आली 13,100. म्हणजे हातात राहतात 6,900. मग त्याच पानावर कार्डाचं गणित मांडलंत. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे 2,730, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 491, म्हणजे आम्ही पोटाला चिमटा काढून जे 3,900 मिनिमम भरत होतो त्यातले फक्त 679 रुपये मुद्दलातून कमी होत होते. मला चक्कर आली बघून. दीड वर्ष आम्ही नळाखाली फुटकी बादली धरून बसलो होतो.

आणि मग तुम्ही म्हणालात, "वहिनी, पिग्मी बंद करा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तुमचं पोट कमिशनवर, पन्नास पन्नास रुपयांसाठी तुम्ही दिवसाला दीडदोनशे दारं फिरणार, आणि तुम्हीच सांगताय बंद करा? तुम्ही समजावून सांगितलंत की इथं पिग्मीवर आम्हाला वर्षाला चार टक्के मिळतात आणि तिकडं कार्डाला बेचाळीस जातात, ही बचत नाही, ही स्वतःची फसवणूक आहे. खात्यात 18,600 साठले होते. मोडून कार्डात भरा, उरलेल्या 59,400 चे बारा हप्ते करून मागा, बँकेला ते करता येतं, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जसुद्धा तुम्हीच लिहून दिलात. बँकेनं 18 टक्के वार्षिकनं हप्ते करून दिले, महिना साडेपाच हजारांच्या आसपास. मिनिमम आणि पिग्मी मिळून जवळपास तेवढेच जात होते आमचे! पैसे तेवढेच, फक्त आता त्याला शेवट होता.

हे सगळं हिशेबाचं झालं. हिशेब दुसरंही कुणी सांगू शकलं असतं कदाचित. मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे.

आपली गल्ली तुम्हाला माहीत आहे. समोरासमोर दारं, लूमच्या खडखडाटात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही पण दुसऱ्याच्या दारात काय चाललंय ते सगळ्यांना दिसतं. पिग्मीवाला कुणाच्या दारात थांबतो आणि कुणाच्या दारावरून पुढं जातो यावर माणसाची पत ठरते. कोपऱ्यावरचा किराणावाला उधारी कुणाला द्यायची हे त्यावरनं ठरवतो, घरमालकाची बायको त्यावरनं भाड्याचा विषय काढते. पिग्मी बंद केली तर मला भीती कशाची होती माहीत आहे का, व्याजाची नाही, उद्या साडेदहाला तुमची गाडी आमच्या दारावरून तशीच पुढं जाणार आणि सगळी गल्ली बघणार याची. हे मी तुम्हाला बोलून दाखवलं नव्हतं. लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी साडेदहा वाजता मी दार लावून आत बसले. आणि गाडी थांबली. नेहमीसारखा हॉर्न. मी बाहेर आले तर तुम्ही गाडी स्टँडला लावून पिशवी उघडून उभे. "पाणी द्या वहिनी." मी पाणी दिलं. तुम्ही कट्ट्यावर दोन मिनिटं बसलात, वही मागितलीत, कालचा खर्च लिहिला का बघितलंत, उठलात, पुढच्या दारात गेलात. काही बोलला नाहीत. परत दुसऱ्या दिवशी तेच. मला वाटलं आठवडाभर येतील. वीस महिने आलात तुम्ही. जानेवारी 2023 पासून ऑगस्ट 2024 पर्यंत, एक रुपया नाही मिळायचा त्या दारात, पाऊस असो ऊन असो, रविवार सोडून रोज. तुमच्या साहेबांनी कधी विचारलं असेल तर काय सांगत होता तुम्ही, मला माहीत नाही. गल्लीला वाटत राहिलं ह्यांची पिग्मी चालू आहे. किराणावाल्यानं एकदाही हात आखडता घेतला नाही. ह्यांच्या मालकाला, मुलीच्या मैत्रिणींच्या घरी, कुणाला कुणाला कळलं नाही की ह्या घरात काय चाललंय. आमची अब्रू दोन मिनिटांच्या पाण्यावर उभी होती काका.

मी एकदा धीर करून म्हटलं होतं, काका तुम्ही कशाला थांबता, तुमचा वेळ जातो. तुम्ही म्हणालात, "तहान लागते हो." बस्स. आजपर्यंत त्यावर दुसरं वाक्य बोलला नाहीत.

बाकीचं पटपट सांगते. रात्री नऊला वसुलीचे फोन यायचे, तुम्ही सांगितलंत रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. मी ते फोनवर म्हटलं तेव्हा आवाज कापत होता माझा, पण रात्रीचे फोन थांबले. 2023 च्या राखीपौर्णिमेला सिलेंडर दोनशेनं उतरला तर तुम्ही वहीत लगेच लिहिलंत, हे दोनशे मंगळसूत्राचे. डिसेंबरात कार्डाचं कर्ज संपलं, त्याचं पत्र मागून घ्यायला लावलंत, मुलीनं कात्रीनं कार्डाचे चार तुकडे केले. मग तेच साडेपाच हजार मंगळसूत्राच्या मुद्दलात जायला लागले, दर वेळी कागदावर सही घेऊन. शेकडा तीन म्हणजे वर्षाला 36 टक्के होतात आणि 2014 च्या सावकारी कायद्यानंतर परवाना असलेल्याला सुद्धा आमच्यासारख्यांकडून तारणावर 15 च्या वर घेता येत नाही हे पण तुम्हीच सांगितलंत, निबंधकांच्या ऑफिसात जा म्हणालात. आम्ही नाही गेलो, त्याच पेठेत राहायचंय, भीती वाटली. पण सही घ्यायला लागलो तसा तो सावकारही सरळ बोलायला लागला. ऑगस्ट 2024 ला लाडक्या बहिणीचे दोन महिन्यांचे तीन हजार आले, त्यात शेवटचा हिशेब मिटला आणि मंगळसूत्र घरी आलं. तुम्ही साडेदहाला आलात तेव्हा मी ते घालून दारात उभी होते. तुम्ही बघितलंत, मान हलवलीत आणि पाणी मागितलंत. त्या दिवशी पण पाणीच.

त्याआधी पहिल्या महिन्यातच तुम्ही मला पोस्टात दर महिन्याला शंभर रुपये भरायची आरडी काढायला लावली होती. मी म्हटलं तुमच्याच पतसंस्थेत ठेवते की. तर म्हणालात, पतसंस्थेच्या ठेवीला बँकेसारखं पाच लाखांचं विमा संरक्षण नसतं, अडीनडीचे पैसे पोस्टात असू देत. जिथं तीस वर्षं नोकरी केली तिथलं हे सांगायला केवढी हिंमत लागते.

एकदा कट्ट्यावर बसून तुम्ही सांगितलं होतं की ही पिग्मी मुळात विणकरांमुळंच आली. उडुपीत हातमागवाल्यांचे हाल झाले म्हणून 1925 साली एक बँक काढली आणि 1928 पासून रोज दोन आणे दारात येऊन गोळा करायला लागले. तुम्ही किती प्रेमानं सांगत होतात ते. मला तेव्हा वाटलं होतं, ज्यांनी हे सुरू केलं त्यांना असाच माणूस डोळ्यासमोर असणार, दारात येणारा, घरातलं सगळं दिसूनही बाहेर न बोलणारा. एसीत बसलेल्या, गळ्यात कार्ड अडकवलेल्या लोकांना जे जमलं नाही ते गुडघे दुखत असताना गाडीवर फिरणाऱ्या माणसाला जमलं. चांगली माणसं आहेत म्हणतात ना, मी म्हणते आहेत, माझ्या दारात रोज साडेदहाला यायची. मुलगी आता अकरावीला कॉमर्सला गेलीय. तीच आता वही लिहिते, तुमच्यासारखी उजवीकडं बेरीज मांडून आणि खाली दोन रेघा मारून.

आज नवीन पोरगा आला. चांगला आहे, नम्र आहे. शंभराची पिग्मी दिली, पावती घेतली. पाणी आणलं होतं, तो नको म्हणाला, घाईत होता. तांब्या तसाच कट्ट्यावर राहिला.

काका, रविवारी काकूंना घेऊन जेवायला या. ह्यांना सुट्टी आहे, गाडीवरून न्यायला येतील, तुम्ही गाडी चालवू नका. भाकरी, पिठलं आणि तुम्हाला आवडतो तो खर्डा करते. आणि येताना तुमचं ते निळं पेन घेऊन या, मुलीला वहीच्या शेवटच्या पानावर तुमची सही पाहिजे.

तुमची,
तिसऱ्या दारातली वहिनी