भूक नाही म्हणणाऱ्या दोन आज्या

हॅमिल्टन, न्यूझीलंड
रविवार

ती. आई-बाबांना आणि आजीला साष्टांग नमस्कार. छोटीला अनेक आशीर्वाद.

गेल्या फोनवर आजीने विचारलं होतं, "आजाऱ्याची सेवा करायला एवढं तीन वर्षं शिकायचं काय असतं गं?" तेवढ्यात माझी बस आली आणि बोलणं राहिलं. आज सुट्टी आहे, म्हणून सविस्तर लिहिते. आजीला मोठ्याने वाचून दाखवा.

वॉर्डातल्या दुसऱ्याच आठवड्यात माझ्या हातून एक चूक झाली. ऐंशीच्या घरातल्या एक माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी समाजातल्या, आजी मांडीचं हाड मोडून आल्या आहेत. सकाळी त्यांचं अंग पुसताना हात मोकळा हवा होता, म्हणून मी बेडपॅन, म्हणजे खाटेवरच्या रुग्णाचं शौचाचं भांडं, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर ठेवला. कोरा होता, मिनिटभरच ठेवला, नंतर टेबल जंतुनाशकाने पुसलंही. दुपारी जेवण आलं, तर त्यांनी ताटावरचं झाकणसुद्धा उचललं नाही. "भूक नाही," म्हणाल्या आणि हसल्या. संध्याकाळी त्यांची नात आली. तिने ते टेबल लांब सारलं, आजीच्या मांडीवर घरचा टॉवेल अंथरला आणि डब्यातलं भरवलं. जाताना दारापाशी थांबून तिने मला हळू आवाजात कारण सांगितलं. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

माओरी माणसांसाठी काही गोष्टी तापु असतात, म्हणजे पवित्र, राखलेल्या, सहज हात न लावण्याच्या. काही नोआ, म्हणजे रोजच्या मोकळ्या व्यवहारातल्या. अन्न नोआ, शरीर आणि शरीरातून बाहेर पडणारं ते तापु. दोन्ही एका जागी येऊ द्यायचं नाही. डोकं तर फारच तापु. त्यामुळे डोक्याची उशी पायाखाली घ्यायची नाही आणि विचारल्याशिवाय केसांना हात लावायचा नाही. हे सगळं मी वर्गात शिकले होते, पेपरात लिहिलंही होतं. टेबलापाशी मात्र आठवलं नाही.

त्या रात्री झोप लागेना. आजी, तुझं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा नाशिकला तू दोन दिवस अन्नाला शिवली नाहीस. खाटेखाली भांडं आणि खाटेवर ताट. तू "भूक नाही" म्हणत राहिलीस. सिस्टर म्हणाल्या, म्हातारी हट्टी आहे. आणि मी, बारावीतली, मीही तुझ्यावर ओरडले. खाटेवर पडलेल्या माणसाला वॉर्डात तोंड उघडायची किती भीती वाटते, ते मला आता कळतंय.

इथे या विषयाला सांस्कृतिक सुरक्षितता म्हणतात, आणि तो सुरू झाला एका विद्यार्थिनीच्या प्रश्नातून. १९८८ साली क्राइस्टचर्चला एक सभा भरली होती. पहिल्या वर्षाची एक माओरी मुलगी उठून म्हणाली, तुम्ही कायद्याच्या, नीतीच्या, कामातल्या सुरक्षिततेबद्दल बोलता, मग आमच्या संस्कृतीच्या सुरक्षिततेचं काय? इरिहापेती रॅम्सडेन या माओरी नर्सबाईंनी तो प्रश्न पुढे आयुष्यभर लावून धरला. १९९२ साली नर्सिंग कौन्सिलने हा विषय अभ्यासक्रमात घेतला. वर्तमानपत्रांतून टीका झाली, १९९५ साली संसदेच्या समितीने चौकशी केली, तरी विषय टिकला. रॅम्सडेनबाई २००३ साली गेल्या.

त्यांचं एक म्हणणं माझ्या मनात घर करून बसलंय. सेवा सुरक्षित होती की नाही, हे नर्सने ठरवायचं नाही, जिची सेवा केली तिने ठरवायचं. मी टेबल पुसलं होतं, माझ्या हिशेबाने सगळं बरोबर होतं. पण आजी उपाशी राहिल्या. "आम्ही सगळ्यांना सारखंच वागवतो" असं आपण अभिमानाने म्हणतो ना, रॅम्सडेनबाईंना ते पुरेसं वाटत नसे. माणूस कोण आहे हे बाजूला ठेवून नव्हे, ते ध्यानात धरून सेवा करायची.

दुसऱ्या दिवशी मी नवं टेबल आणलं आणि माफी मागितली. आजींनी विचारलं, "तुझा डोंगर कुठला? नदी कुठली?" माओरी माणसं ओळख करून देताना नावाच्या आधी हेच सांगतात. मी ब्रह्मगिरी आणि गोदावरी सांगितलं. मग बराच वेळ बोलत बसल्या. त्यांच्या भाषेत जमिनीला फेनुआ म्हणतात आणि बाळाच्या वारेलाही फेनुआच म्हणतात. बाळंतपणानंतर वार घरच्यांच्या स्वाधीन करतात, ती ते आपल्या जमिनीत पुरतात. मी सांगितलं, आमच्याकडेही पुरायचे. "नाळ पुरली ते गाव" याचा अर्थ मी त्यांना समजावून दिला, तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला.

छोटीला जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेला, प्रवेश मिळाला, खूप आनंद झाला. छोटे, तुझ्या वॉर्डात पेठ-सुरगाण्याकडच्या आदिवासी बाया येतील. त्यांची बोली वेगळी असेल आणि त्या गप्प बसतील. एखादी जेवली नाही तर चार्टवर "रुग्ण सहकार्य करत नाही" असं लिहू नकोस. आधी टेबलावर आणि खाटेखाली काय ठेवलंय ते बघ. मग तिच्या उंचीवर खाली बसून विचार. सोबत आलेल्या बाईलाही विचार.

आणि आजी, बाबांची वार परसात जिथे पुरली, ती जागा जांभळाच्या इकडची की विहिरीकडची? छोटीला नेऊन दाखव आणि फोटो पाठवायला सांग. बुधवारी माझी पुन्हा ड्युटी आहे, वॉर्डातल्या आजींनी तो फोटो मुद्दाम बघायला मागितलाय.

तुमची,
मोठी