म्हाताऱ्याचे पाय

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "नाटक कोणाचं?" आणि मी गडबडले. लेखकाचं नाव सांगता येईना, कारण संहिताच नाही. तासाभराच्या प्रयोगात एकही शब्द नाही. आई, तू विचारलंस, "मग तू त्यात काय करतेस?" त्याचं उत्तर सोपं आहे. मी पाय चालवते.

पाय आमच्या म्हाताऱ्याचे. खाकी कागद चुरगळून, चिकटपट्टीने बांधून केलेला कमरेएवढा बाहुला. एकाकडे त्याचं डोकं आणि उजवा हात, एका मुलीकडे डावा हात, माझ्याकडे पाय. ही रीत जपानच्या बुनराकू या बाहुलीनाट्याची. तिथे एक बाहुली तिघांनी चालवणं १७३४ पासून चालत आलंय, आणि परंपरेने नुसत्या पायांवर दहा वर्षं घालवायची असतात!

मी वाकलेली असते, म्हणून त्याचा चेहरा मला कधीच दिसत नाही. डोकं धरणाऱ्याच्या कमरेला माझा हात टेकलेला असतो, त्याचा भार कुठे सरकला ते तिथून कळतं. पहिले पंधरा दिवस आम्ही म्हाताऱ्याला चालवलंच नाही. फक्त श्वास. छाती जरा उचलते, मग खांदे, मग गुडघे. तिघांचा श्वास मागेपुढे झाला की त्याचा पुन्हा कागद होतो. आणि आम्ही तिघांनी त्याच्याचकडे बघायचं. एकाची जरी नजर भरकटली, तरी बघणाऱ्याची नजर तिच्यामागे जाते.

बाबा, एक सांगायचं राहिलंय. म्हातारा जिना उतरतो तो प्रसंग काही केल्या जमेना. तेव्हा मी तुमची चाल दाखवली. दुखरा उजवा पाय आधी खाली, मग डावा त्याच पायरीवर. तुम्हाला न विचारता. दुसऱ्या दिवशी डावा हात चालवणारीने दर पायरीला तो हात भिंतीकडे नेला, पण टेकवला नाही. ती तिच्या आजीची सवय. कोपऱ्यात बसून वाजवणारा आमचा संगीतकार तिसऱ्या पायरीला आपसूक थांबला आणि कागदाची कुरकुर ऐकू आली, गुडघ्यांची असावी तशी. प्रकाशयोजना करणाऱ्या ताईने समोरचा दिवा बंद करून फक्त बाजूचा ठेवला. समोरच्या उजेडात म्हातारा सपाट दिसायचा, आता कागदाची घडी न घडी उठून आली. ही दीड मिनिटं कोणाची, सांगा बरं?

आमची दिग्दर्शिका "कसं वाटलं?" असं कधी विचारत नाही. "काय दिसलं?" एवढंच विचारते, चहा द्यायला आलेल्या माणसालाही. त्यानेच एकदा सांगितलं, "पक्षी दिसले."

ते सावल्यांचे पक्षी माझे होते, आई. दिव्याजवळ नेले की मोठे आणि धूसर, पडद्याजवळ आणले की लहान आणि रेखीव. तीन आठवडे मी ते कातरत होते. सगळ्यांना आवडले होते, तरी त्या उत्तरानंतर दिग्दर्शिकेने ते काढले. पक्षी आले की म्हाताऱ्याकडे कोणी बघतच नव्हतं. तिचं बरोबर आहे, मला पटलंय. पण त्या रात्री फार रडले, आणि एखादा तरी ठेवता आला असता असं अजून वाटतं.

प्रयोगाला याल तेव्हा, आई, पहिल्या रांगेचा हट्ट धरू नकोस. तिथून मंचाची कड आड येते, पाय दिसत नाहीत. सहाव्या रांगेत मध्यावर तुमच्यासाठी जागा धरते. मी काळ्या कपड्यांत, तोंडावर काळी जाळी, त्यामुळे मला शोधत बसू नका. बाबा, तुम्ही जिन्याकडे नीट बघा. चाल खोटी वाटली तर त्याच रात्री सांगा, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तालीम आहे.

गुडघ्याला जपा.

तुमची लेक