गोळ्या बंद करू नका, बाबा

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, काल फोनवर तुम्ही सहज बोलून गेलात की कोलोनोस्कोपी, म्हणजे नळी घालून मोठं आतडं आतून तपासणं, आहे म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करताय. कृपा करून मनाने काही बंद करू नका. तुम्हाला हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारा स्टेंट बसवलेला आहे. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही एकदम थांबवल्या आणि स्टेंटमध्ये गुठळी झाली, तर ते जिवावर बेतू शकतं. नुसतं आत पाहायचं, फार तर बायोप्सीला बारीकसा तुकडा घ्यायचा, एवढ्यासाठी या गोळ्या सहसा चालूच ठेवतात. मोठा पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेला कोंब, काढायचा असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा क्लोपिडोग्रेलचं काय करायचं ते पोटाचे आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतील. त्यांना गोळ्यांची पूर्ण यादी दाखवा. गुडघ्यासाठी घेता ती दुखण्याची गोळीसुद्धा, जी तुमच्या हिशेबी औषधच नाही!

आई, पुढचं तुझ्यासाठी, कारण बाबा ‘काही होत नाही’ म्हणणार. तपासणीनंतर पोट फुगतं, थोडं दुखतं, वारा सरला की बरं वाटतं. पण डाव्या बरगडीखाली दुखणं वाढत गेलं आणि डावा खांदाही दुखू लागला, तर गॅस म्हणून सोडून देऊ नकोस. मोठं आतडं डावीकडे जिथे वळतं, तिथे ते प्लीहेला (स्प्लीनला) बांधलेलं असतं. नळी त्या वळणातून जाताना ताण बसून क्वचित, फारच क्वचित, प्लीहेला इजा होते आणि पोटात रक्त साठतं. ते छाती आणि पोटामधल्या पडद्याला लागलं की कळ खांद्यात येते. शौचावाटे रक्ताचा थेंबही दिसत नाही, म्हणून तर हे चुकतं. बहुधा पहिल्या दिवसभरात कळतं, कधी काही दिवसांनीही. चक्कर, घाम, चेहरा पांढराफटक पडणं, असं काही दिसलं तर थेट इमर्जन्सीत जा आणि कोलोनोस्कोपी झाली आहे हे आधी सांग. सीटी स्कॅनमध्ये निदान होतं.

नाडीवर विसंबू नकोस. रक्त गेलं की ठोके वाढतात, पण बाबांची मेटोप्रोलॉल ही हृदयाची गोळी ते वाढू देत नाही.

पॉलिप काढला तर रक्तस्राव आठवडा-दोन आठवड्यांनीही होऊ शकतो, तेव्हा त्या दिवसांत दोघांनीच लांबचा प्रवास नको. तपासणीच्या आदल्या दिवशी मी येतेच आहे. बाबा, तोवर हृदयाच्या डॉक्टरांना फोन करून ठेवा.

तुमची,
लेक