गावठी गुलाब देणाऱ्या काकूंना

काकू, तुम्ही मोबाईलवर वाचत नाही माहितीये, नातीला सांगीन वाचून दाखवायला, पण लिहिल्याशिवाय राहवेना.

आईच्या साठीला गुलाबाची नानकटाई करायची होती, आजी करायची तशी. आधी इसेन्स घातला तर अगरबत्ती खाल्ल्यासारखं लागलं. मग फुलवाल्याकडून लालभडक गुलाब आणले, फवारणीचे आहेत का विचारलं तर म्हणे धुऊन घ्या, काही होत नाही. अहो, हार-बुकेसाठी वाढवलेल्या फुलांवर औषध मारलेलं असतं, ते नळाखाली धरून सगळं जातं का? आणि जिथे मी बेकिंग क्लासची फी भरली होती त्यांनी मेसेज वाचला, उत्तर एका ओळीचंही नाही. याचा राग अजून गेलेला नाही.

तुमची माझी धड ओळखही नव्हती. जिन्यात सहज विषय निघाला आणि तुम्ही थेट गच्चीवर नेलंत, कुंड्यांतला गावठी गुलाब दाखवलात, औषधाचा थेंब नाही म्हणालात. माझा बिघडलेला घाणा न बघता तुम्ही विचारलंत, "सोडा घातलास ना? म्हणून पाकळ्या निळ्या-करड्या पडल्या." मी बघतच राहिले. सोडा बंद, तूप-साखर हलकी होईपर्यंत हातानेच फेसायची, पाकळ्या खडीसाखरेबरोबर खलात कुटून आदल्या रात्रीच तुपात घालायच्या, तूप वास धरून ठेवतं, एवढं सांगून सकाळी डबा न्यायला ये म्हणालात.

डबा घरी येऊन उघडला. ओल्या मलमलच्या फडक्यात पाकळ्या, आणि प्रत्येक पाकळीचं बुडाचं पांढरं टोक खुडलेलं. ते कडू लागतं म्हणून. दोनअडीचशे तरी पाकळ्या असतील काकू, आणि तुमची बोटं सकाळी नीट वळतही नाहीत हे मी आदल्या दिवशी पाहिलं होतं, चहाचा कप तुम्ही दोन्ही हातांनी धरला होतात. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. मी ओट्यापाशी उभी राहून रडले, खरंच सांगते. पैसे घेऊन उत्तर न देणारी माणसं असतात तशी काही न मागता पहाटे उठून परक्या पोरीसाठी पाकळ्या खुडणारीही असतात, आणि आपली गावं-सोसायट्या या दुसऱ्या माणसांवरच चालल्यात असं मला मनापासून वाटतं.

आईने पहिली नानकटाई हातात घेऊन आधी नुसता वास घेतला, बराच वेळ. मग म्हणाली, आईच्या फडताळाचा वास आहे हा.

डबा घासून ठेवलाय. रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून रविवारी दुसरा घाणा काढतेय, तुमच्यासाठी साखर कमी घालून.